५० मीटरवरचा दहा : पॉइंट टू-टू रायफलने नेमबाजी शिकताना

५० मीटर रायफल प्रकाराच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. शर्टाचे साधे बटण साधारण तेवढेच भरते. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असतो आणि तिची कड वर्तुळाच्या रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचे केंद्र लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून ८ मिलिमीटरच्या आत पडले की दहा गुण होतात. आता हाच हिशेब रायफलीच्या बाजूने मांडून पाहावा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचे नेमाचे छोटे वर्तुळ) आणि मागचे पीप (डोळ्याजवळचे बारीक भोक) यांच्यात ८० सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरले आणि या दोहोंच्या जुळणीत ०.१ मिलिमीटरची, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढी चूक झाली, तर ५० मीटरवर ती सव्वासहा मिलिमीटर होते. दहा अजून हातात असतो, पण जेमतेम. तीच चूक ०.१३ मिलिमीटर झाली की शॉट नऊमध्ये गेला.

कागदाच्या जाडीएवढे अंतर कोणीही मनगटाच्या जोरावर सांभाळू शकत नाही, आणि नवशिका मात्र नेमके तेच करू पाहतो. रायफल घट्ट आवळून ती लक्ष्यावर ओढून धरण्याची त्याची धडपड चालते आणि माशी जितकी थरथरते तितकी त्याची पकड अधिक आवळत जाते. या प्रकारातले कसब वेगळे आहे. शरीराची अशी मांडणी करायची, की रायफल आपोआप दर वेळी त्याच जागी येऊन विसावेल, आणि गोळी सुटेपर्यंत त्या मांडणीला धक्का लागू द्यायचा नाही. पुढे जे काही सांगितले आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (पालथे पडून, गुडघ्यावर बसून आणि उभे राहून मारण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा अंतिम फेरीत त्याचे ४४ शॉटमध्ये ४५१.४ गुण झाले होते. अंतिम फेरीत दशांश गुण मोजले जातात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. त्याची सरासरी सव्वादहाच्या किंचित वर पडते. त्याआधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनचे (पालथे पडून मारण्याचे) विजेतेपद ६०० पैकी ५९७ गुणांनी मिळवले होते. हे आकडे नवशिक्याला धाक घालण्यासाठी दिलेले नाहीत. जगातला सर्वोत्तम नेमबाजसुद्धा नऊ मारतो, आणि पुढचा शॉट पुन्हा पहिल्यापासून तेवढ्याच काळजीने बांधतो, हे आरंभीच कळलेले बरे.

रेंजवर पाऊल ठेवण्याआधी

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची रायफल हे खेळाचे साधन असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते बंदुकीच्या दारूवर चालणारे शस्त्र आहे आणि १९५९चा शस्त्र कायदा व २०१६चे शस्त्र नियम तिला लागू होतात. म्हणून रायफल विकत घेण्याचा विचार पहिल्या वर्षी करूच नये. मान्यताप्राप्त रायफल क्लबात किंवा संघटनेत नाव नोंदवावे, क्लबच्या रायफलीवर क्लबच्याच हद्दीत प्रशिक्षकासमोर शिकावे आणि परवान्याची प्रक्रिया तिथल्या जाणत्यांकडून समजून घ्यावी. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आणि कोल्हापुरात रेंज आहेत. महाविद्यालयात असाल तर एनसीसीत पॉइंट टू-टू हाताळण्याची संधी मिळते. अंजली भागवतसारख्या ऑलिम्पिकपटूची सुरुवातही एनसीसीतूनच झाली. माझ्या मते पॉइंट टू-टूकडे वळण्यापूर्वी निदान सहा महिने १० मीटर एअर रायफलवर काढावेत. त्यात काडतुसाचा खर्च नसतो, आवाज फारसा नसतो, आणि ट्रिगरची शिस्त तिथेच अधिक चांगली अंगी लागते.

सुरक्षेचे नियम सर्वांना तोंडपाठ असतात. ते हातात उतरायला हवेत. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने असावे, रायफल भरलेली असो वा नसो. माशी लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर असावे. रायफल खाली ठेवताना बोल्ट (मागचा सरकता खटका) उघडा असावा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहिलेले असावे आणि त्यात रंगीत सुरक्षा दोरी घातलेली असावी. ‘स्टॉप’ ही आज्ञा कानावर पडताच, ट्रिगर अर्धा दाबला गेला असला तरीही, बोट बाहेर आलेच पाहिजे. पॉइंट टू-टूची गोळी चिमुकली दिसते म्हणून काहीजण तिला हलक्यात घेतात. ती दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. शेतात, माळावर, नदीकाठी ‘जरा करून बघू’ असे म्हणणाऱ्याला या खेळात जागा नाही.

कानांना संरक्षण पहिल्या गोळीपासून लावावे. आवाज लहान वाटतो, पण तासाभरात शंभर वेळा ऐकला की कानाला तो सोसत नाही, आणि आवाजाने दचकण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात.

काडतूस, नळी आणि माशी

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस रिमफायर जातीचे असते, म्हणजे त्याच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारे मिश्रण भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते. स्पर्धेच्या काडतुसातून ती सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा जरा कमी. हे मुद्दाम केलेले असते, कारण गोळी ध्वनीच्या वेगाच्या वरून खाली उतरत असताना तिच्यावर हवेचा जो गोंधळ होतो तो अचूकतेला मारक ठरतो. दुकानात मिळणारी ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसे म्हणूनच लक्ष्यवेधाच्या कामाची नाहीत, मग ती कितीही जोरदार वाटोत.

एवढ्या वेगाने ५० मीटर पार करायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. माशी आणि पीप जुळवताना नळीला वरचा जो कोन दिला जातो तो ही घट भरून काढण्यासाठी. या एका आकड्यातून पुढच्या दोन गोष्टी निघतात, म्हणून तो लक्षात ठेवावा. पहिली गोष्ट काडतुसांची आहे. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर लक्ष्यावर सात-आठ मिलिमीटरचा उभा फरक पडतो आणि तुमचा काहीही दोष नसताना दहाचा नऊ होतो. दुसरी गोष्ट रायफल तिरकी होण्याची आहे. रायफल उजवीकडे केवळ ५ अंश कलली, तर माशी अगदी मधोमध दिसत असूनही गोळी सुमारे एक सेंटिमीटर उजवीकडे आणि अगदी किंचित खाली पडते. रायफल थोडी कललेली असणे हा दोष नाही, बरेच चांगले नेमबाज ती थोडी आत कलवूनच धरतात. दर शॉटला वेगळी कलणे हा मात्र दोष आहे. माशी ज्या छोट्या नळकांड्यात बसते त्या बोगद्यात आडव्या खुणा असतात त्या याचसाठी, आणि प्रत्येक शॉटपूर्वी त्या क्षणभर पाहाव्यात.

प्रत्येक नळीला एखाद्या विशिष्ट लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, काडतुसे मानवतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून मोठे नेमबाज रायफल पकडीत आवळून लॉट तपासतात आणि आवडलेला लॉट वर्षभराचा घेऊन ठेवतात. नवशिक्याने यात पैसे घालू नयेत. मध्यम प्रतीची, एकाच लॉटची काडतुसे क्लबमार्फत मिळवून तीच वापरत राहावीत, म्हणजे निदान एक गोष्ट स्थिर राहते.

माशी म्हणजे पुढचे वर्तुळ. लक्ष्यावरचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा असतो. तो या वर्तुळात मधोमध बसवायचा आणि भोवती पांढरी कडा सर्व बाजूंनी सारखी ठेवायची. नवशिके लहान वर्तुळ निवडतात, कारण ते ‘अधिक अचूक’ वाटते. अनुभव उलटा आहे. पांढरी कडा फार अरुंद असली की डोळ्याला काळा भाग आणि वर्तुळ वेगळे दिसत नाहीत आणि जरा हालचाल झाली की मन घाबरते. सुरुवातीला ३.६ ते ४ मिलिमीटरचे वर्तुळ घ्यावे आणि कडा ऐसपैस दिसू द्यावी.

पालथे पडून : पहिली पोझिशन

तीन पोझिशनमध्ये प्रोन, म्हणजे पालथे पडून मारणे, सर्वांत स्थिर असते आणि शिकण्याची सुरुवात तिथूनच करावी. पुढचे सारे उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी लिहिले आहे. डावखुऱ्याने बाजू उलट कराव्यात.

चटईवर पालथे पडताना शरीर लक्ष्याच्या रेषेत सरळ नको, किंचित डावीकडे तिरके असावे. डावा पाय कण्याच्या ओळीत सरळ जाऊ द्यावा आणि उजवा गुडघा वर ओढून घ्यावा. असे केल्याने पोट आणि छातीचा उजवा भाग चटईवरून थोडा सुटतो, श्वास मोकळा होतो आणि हृदयाचे ठोके रायफलीपर्यंत कमी पोहोचतात. डावे कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली, जरासे डावीकडे टेकावे. स्लिंग (रायफलीला आधार देणारा पट्टा) डाव्या दंडावर चढवून तिचे दुसरे टोक हँडस्टॉपला (दस्त्याखालच्या सरकत्या अडणीला) अडकवावे आणि तळहाताची टाच हँडस्टॉपला भिडवावी. बोटे सैल असावीत. दस्ता त्या तळहातावर नुसता विसावतो; त्याला पकडायचे नसते. स्लिंगची लांबी बरोबर असली, तर डाव्या हाताचा एकही स्नायू न वापरता रायफल हवेत उभी राहते. नेमबाजीतला हा पहिला खरा आनंद आहे आणि तो मिळेपर्यंत एकही काडतूस भरू नये.

स्लिंगविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रोनमधल्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यात असते. दंडाच्या मधोमध ती आवळली की खालची रक्तवाहिनी दाबली जाते आणि माशी नाडीबरोबर टिक्‌टिक्‌ उडताना दिसते. स्लिंग खांद्याच्या जवळ, वर चढवली आणि तिचे बक्कल बाहेरच्या बाजूला वळवले की हे ठोके बरेच मंदावतात. ती घसरू नये म्हणून जॅकेटच्या बाहीला हुक असतो, तो वापरावा. आमच्या रेंजवरच्या एका मुलीचे शॉट दहा-बारा गोळ्यांनंतर हमखास खाली उतरत. ती दर वेळी पीपचे क्लिक (पीप थोडे-थोडे सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) वर फिरवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले शॉट वर जात. तिच्या बाहीवर स्लिंगच्या कडेशी खडूची एक रेघ ओढली आणि तिला पंधरा गोळ्या मारायला सांगितले. शेवटी पाहिले तर स्लिंग रेघेपासून बोटभर खाली आलेली होती. क्लिकचा त्यात काही संबंधच नव्हता.

दस्त्याचे मागचे टोक खांद्याच्या खोबणीत, मानेच्या जवळ, दर वेळी त्याच जागी बसवावे. उजवा हात केवळ दस्त्याला खांद्याशी टेकवून ठेवण्यापुरता आणि ट्रिगरपुरता असतो. गाल दस्त्यावर डोक्याच्या पूर्ण वजनानिशी टेकावा. मान ताणून डोळा पीपपर्यंत नेणे चूक, पीप आणि दस्ता डोळ्याकडे आणून बसवावेत. गाल बसवताना डोळे मिटावेत, डोके आरामात ठेवावे आणि मग उघडावेत. पीपच्या भोकात माशीचा बोगदा मधोमध दिसला नाही, तर दस्त्याची उंची बदलायला हवी.

नैसर्गिक नेम

नेमबाजीत नवशिक्याला मिळालेली सर्वांत मोलाची युक्ती कोणती असे मला विचारले, तर मी हीच सांगेन. पोझिशन बसली, माशी लक्ष्यावर आली की डोळे मिटावेत, दोन-तीन वेळा शांतपणे श्वास घ्यावा-सोडावा, खांदे ढिले करावेत आणि मग डोळे उघडावेत. आता माशी जिथे दिसते तो तुमचा नैसर्गिक नेम. ती शेजारच्या लेनच्या लक्ष्याकडे झुकलेली असेल, तर काही क्षणांपूर्वी तुम्ही स्नायूंच्या जोराने तिला ओढून मधोमध धरले होते असे समजावे. असा ओढून धरलेला शॉट ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागेकडे निसटतो.

दुरुस्ती हाताने करू नये. डावे कोपर खिळ्यासारखे जागेवर ठेवावे आणि कंबर हलवावी. कंबर उजवीकडे सरकवली की नळी डावीकडे जाते, डावीकडे सरकवली की उजवीकडे. वर-खालच्या फरकासाठी शरीर किंचित पुढे किंवा मागे घ्यावे, आणि फरक मोठा असेल तर हँडस्टॉप सरकवावा. मग पुन्हा डोळे मिटून तपासावे. पहिल्या काही आठवड्यांत यात दहा-दहा मिनिटे जातात. जाऊ द्यावीत.

एक खूण आणखी आहे. प्रोनमध्ये श्वास आत घेतला की छाती उचलली जाऊन नळी खाली जाते आणि श्वास सोडला की वर येते. ही हालचाल सरळ उभ्या रेषेत होत असेल तर पोझिशन समतोल आहे. तिरकी होत असेल, तर बहुधा डावे कोपर जागेवर नाही.

दृष्टी, श्वास आणि ट्रिगर

डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते. तीक्ष्णता माशीच्या वर्तुळाला द्यावी आणि लक्ष्याचा काळा भाग जरासा धूसर राहू द्यावा. डावा डोळा मिटून घेऊ नये, त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जाऊन उजवा डोळाही थकतो; त्याच्यासमोर अपारदर्शक पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

श्वास अर्धा सोडून सहज थांबवावा. त्यानंतर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. त्याहून जास्त वेळ रोखून पाहिले, तर डोळ्यावर पहिले चित्र ठसून राहते आणि माशी हलली तरी ती मधोमधच असल्याचा भास होतो. वेळ संपली असे वाटताच बोट काढावे, रायफल खांद्यावरून न हलवता श्वास घ्यावा आणि पुन्हा सुरू करावे. शॉट सोडून देता येणे हे कौशल्य आहे. ते ज्याला लवकर जमते त्याची प्रगती लवकर होते.

ट्रिगर बहुतेक रायफलींवर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा श्वास सोडतानाच घ्यावा आणि दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीशी बोट टेकलेले असावे. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर ठेवून सरळ मागे, नळीच्या रेषेत, दाब वाढवत न्यावा. बोटाची आतली बाजू दस्त्याला घासत असेल तर ती नकळत रायफल बाजूला ढकलते, म्हणून बोट आणि दस्ता यांच्यात उजेड दिसेल एवढी फट असू द्यावी. माशी मधोमध आलेली पाहून ‘आता!’ म्हणत ट्रिगर ओढणे हा नवशिक्याचा सर्वांत हट्टी दोष आहे. माशी पूर्ण थांबत नसते. ती एका छोट्या क्षेत्रात फिरत राहते, आणि ती त्या क्षेत्रात असताना दाब सारखा वाढत गेला की शॉट सुटतो. ते क्षेत्र लहान करण्याचे काम पोझिशनचे आहे, बोटाचे नव्हे.

गोळी नळीतून बाहेर पडायला काही हजारांश सेकंद लागतात आणि त्या काळात रायफलीची हालचाल गोळीला लागते. म्हणून शॉट सुटल्यावर किमान दोन सेकंद काहीही बदलू नये. बोट मागेच, गाल जागेवर, डोळा माशीवर. रायफल किंचित उसळून परत कुठे येते ते पाहावे. ती पुन्हा लक्ष्यावरच आली, तर नैसर्गिक नेम बरोबर होता. मॉनिटरकडे किंवा दुर्बिणीकडे वळण्यापूर्वी शॉट कुठे पडला असेल ते मनाशी ठरवावे: ‘नऊ, दोन वाजता’, म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला. मग पाहावे. तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष शॉट यांचे जुळणे ही गुणसंख्येपेक्षा मोठी कमाई आहे, कारण ज्याला आपला शॉट कळतो त्यालाच आपली चूक कळते.

आधी ग्रुप, मग दहा

एनसीसीच्या शिबिरात ज्याने गोळ्या मारल्या आहेत त्याला ग्रुपिंग हा शब्द ठाऊक असतो. पहिले दोन महिने गुण मोजूच नयेत. दहा-दहा शॉट मारावेत आणि ते एकमेकांच्या किती जवळ पडले ते पाहावे, लक्ष्याच्या कोणत्या कोपऱ्यात पडले ते नव्हे. सात गुणांच्या वर्तुळात डावीकडे, पण दोन बोटांच्या जागेत एकवटलेले दहा शॉट हे लक्ष्यभर विखुरलेल्या पाच दहांपेक्षा फार चांगले. पहिला ग्रुप पीपच्या काही क्लिकने मध्यावर आणता येतो. दुसऱ्यावर पीपचा काही इलाज नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षे प्रत्येक वाईट शॉटनंतर क्लिक फिरवत राहिलो. ती दोन वर्षे परत मिळाली तर मी पीपला हातही लावणार नाही.

पहिले उद्दिष्ट सर्व दहा शॉट काळ्या भागात आणण्याचे ठेवावे. पुढचे उद्दिष्ट आठच्या वर्तुळाएवढा, म्हणजे ४२ मिलिमीटरचा ग्रुप. त्यानंतर नऊच्या वर्तुळाएवढा, म्हणजे २६ मिलिमीटरचा. तिसऱ्या उद्दिष्टाला एखादे वर्ष लागले तर ते सावकाश झाले असे मानू नये.

ग्रुपचा आकार बोलतो. शॉट उभ्या ओळीत पसरले असतील तर श्वास वेगवेगळ्या जागी थांबतो आहे, स्लिंग घसरते आहे किंवा काडतुसांचा वेग सारखा नाही. आडवे पसरले असतील तर वारा, रायफलीचे कलणे किंवा चुकलेला नैसर्गिक नेम तपासावा. दोन वेगळे घोस दिसले, तर मध्येच कधीतरी गाल किंवा दस्ता दुसऱ्या जागी बसला आहे. बहुतेकदा तो क्षण काडतूस भरायला रायफल खांद्यावरून काढल्याचा असतो. आणि नऊ शॉट एकत्र पडून एकच दूर गेला असेल, तर त्या शॉटचा ट्रिगर आठवून पाहावा.

क्लिकचे मोजमाप आपल्या रायफलीवर आपणच करावे. दहा शॉटचा ग्रुप मारावा, पीप दहा क्लिक एका बाजूला फिरवावे, पुन्हा दहा शॉट मारावेत आणि दोन ग्रुपच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजावे. त्याला दहाने भागले की एका क्लिकची किंमत मिळते. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

वारा

उघड्या रेंजवर सेकंदाला केवळ १ मीटर वेगाचा आडवा वारा, ज्यात झाडाचे पान जेमतेम हलते, गोळीला ५० मीटरवर सुमारे अर्धा सेंटिमीटर बाजूला नेतो. शिवाय नळीतल्या उजव्या पिळामुळे गोळी फिरत असते, त्यामुळे ती नुसती आडवी सरकत नाही: उजवीकडून आलेल्या वाऱ्यात ती डावीकडे आणि थोडी वर, म्हणजे घड्याळातल्या दहाच्या दिशेने जाते, डावीकडून आलेल्या वाऱ्यात उजवीकडे आणि खाली, चारच्या दिशेने. उन्हाळ्यातल्या दुपारी मैदानावरची तापलेली हवा दुर्बिणीतून पाण्यासारखी वाहताना दिसते. तिच्या वाहण्याची दिशा हीच वाऱ्याची दिशा.

नवशिक्याने वाऱ्यावर गणित मांडू नये. रेंजवरच्या झेंड्यांची जी स्थिती सर्वांत जास्त वेळ टिकते ती हेरावी, तिच्यात पीप जुळवावे आणि झेंडे पुन्हा त्याच स्थितीत येईपर्यंत ट्रिगरला हात लावू नये. स्पर्धेत वेळ पुरेसा असतो. आजच्या नियमांनुसार थ्री पोझिशनमध्ये पात्रता फेरीचे ६० शॉट, प्रत्येक पोझिशनमध्ये २०, नव्वद मिनिटांत मारायचे असतात. पोझिशन बदलण्याचा वेळ वजा जाता वाट पाहायला बरीच मिनिटे उरतात. ती वापरणारे थोडे असतात.

नीलिंग आणि स्टँडिंग

प्रोनचा ग्रुप नऊच्या वर्तुळाएवढा होईपर्यंत या दोन्हींना हात घालू नये. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, उजव्या पायाच्या घोट्याखाली गोल उशी असते. शरीराचे बहुतेक वजन टाचेवर द्यावे, डावी नडगी उभी ठेवावी आणि कोपराचे हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नये, ते जरा पुढे किंवा मागे बसवावे, कारण हाडावर हाड घसरते. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभे राहून मारताना, स्लिंग वापरता येत नाही. रायफलीचे वजन डाव्या कोपरातून कमरेच्या हाडावर उतरवावे आणि त्यासाठी पाठ किंचित मागे व उजवीकडे झुकवावी. इथे माशी आठ-नऊच्या वर्तुळांत फिरत राहणार हे आधीच मान्य करावे. थांबवण्याचा हट्ट केला की ती अधिक फिरते. रायफल खांद्याला लावून, न मारता, एक-एक मिनिट नुसती धरण्याचा सराव रोज दहा वेळा केला, तर तीन महिन्यांत फरक दिसतो.

कोरडा सराव आणि वही

काडतुसे महाग आहेत आणि रेंज रोज मिळत नाही. म्हणून ड्राय फायर, म्हणजे काडतुसाशिवायचा सराव, हाच खऱ्या अर्थाने रोजचा सराव असतो. चेंबर दोनदा तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि नळी भरभक्कम भिंतीकडे करून तो करावा. पॉइंट टू-टूमध्ये एक धोका आहे: चेंबर रिकामे असताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळू शकते आणि कड चेपली जाते. म्हणून रायफलीत ड्राय फायरची वेगळी सोय आहे का ते प्रशिक्षकाला विचारावे. नसल्यास झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी भरून, काही शॉटनंतर ती थोडी फिरवून, सराव करावा. आवाज आणि धक्का नसल्याने ट्रिगर सुटताना माशी किती हलली ते स्वच्छ दिसते. वीस शॉट अशा प्रकारे नीट केले की त्यांची किंमत घाईत मारलेल्या साठ गोळ्यांहून जास्त असते.

वहीत तारीख, प्रकाश, वारा, काडतुसाचा लॉट, स्लिंग कितव्या भोकात, हँडस्टॉप कोणत्या आकड्यावर, दस्त्याची उंची किती, हे सारे लिहावे. दस्त्याच्या पट्टीवरचे आकडे त्यासाठीच कोरलेले असतात. सरावाच्या शेवटी जमलेली एक गोष्ट लिहावी आणि न जमलेली एक. दुसऱ्या दिवशी चटईवर पडण्याआधी ते पान उघडावे आणि सरावाला कालच्या त्याच मापांवरून सुरुवात करावी.

रायफल साफ करताना सळई मागून, चेंबरच्या बाजूने, मार्गदर्शक नळी लावून घालावी, पुढून घातल्यास नळीचे तोंड झिजते आणि अचूकता कायमची जाते. साफ केल्यानंतरचे पहिले पाच-दहा शॉट भरकटतात, कारण शिशाचा आणि मेणाचा पातळ थर नळीत पुन्हा बसायचा असतो. ते सायटर, म्हणजे गुण न मोजायचे चाचणीचे शॉट, म्हणून घालवावेत. काडतुसाच्या धुरात आणि गोळीत शिसे असते, त्यामुळे रेंजवर काही खाऊ नये, आणि बोल्ट उघडून, सुरक्षा दोरी घालून, रायफल पेटीत ठेवल्यावर डबा उघडण्याआधी हात आणि तोंड साबणाने स्वच्छ धुवावे.